शिक्का कोणाच्या ताब्यात होता

लाँड्रीवालीला राग यायला फार काही लागत नसे. कुणी खिशात पेन विसरून शर्ट धुवायला टाकला की ती त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि मग तासभर बसून शाईचा डाग काढूनही द्यायची. गल्ली तिला ताई म्हणायची आणि तिच्याशी जरा जपूनच बोलायची. पण गोड्याचं नाव निघालं की तिचं जे व्हायचं त्याला राग हा शब्द फारच मवाळ आहे. हातातला तारेचा हँगर कधी वाकला ते तिला कळायचंही नाही.

गोड्या दुकानासमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. गोड गोड बोलायचा म्हणून गोड्या. प्रत्येक बाई त्याची ताई नाहीतर मावशी. म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलून देणार, लहान पोरांना खांद्यावर घेणार, आणि दिवेलागणीला जिन्यात उभा राहून त्याच पोरांच्या थोरल्या भावांना नशेच्या पुड्या विकणार. त्या थोरल्यांमध्ये लाँड्रीवालीचा धाकटा भाऊ होता. आईवडील लवकर गेले, तिनेच वाढवलेला. तिच्याच दुकानात मोठ्या इस्त्रीवर उभा राहायचा, आणि शर्टाची कॉलर अशी बसवायचा की गिऱ्हाईक नवीन शर्ट समजून बघत राहावं. एकदा नशेत त्याने तापलेल्या इस्त्रीवर स्वतःचा तळहात टेकला आणि नुसता हसत राहिला. करपल्याचा वास आला तेव्हा ती मागच्या खोलीतून धावत आली. त्यानंतर तिने त्याला गावाबाहेरच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवलं. तो जाताना रडला, ती नाही रडली. ती घरी आली आणि समोरच्या खिडकीकडे बघून अशा काही शिव्या घातल्या की तिच्या सासऱ्यांनी कानांत बोटं घातली.

आणि एके दिवशी भर दुपारी इन्स्पेक्टर गल्लीत आला. बरोबर दोन शिपाई. गोड्याच्या खोलीची झडती घ्यायची होती आणि त्याला पंच हवे होते. पंच म्हणजे पोलिसातली नसलेली दोन माणसं. झडती डोळ्यांनी बघायची आणि उद्या कोर्टात येऊन जे बघितलं ते सांगायचं. पंच हा शब्द ऐकल्याबरोबर गल्लीची काय धांदल उडाली म्हणता! औषधवाल्याला अचानक शटरला तेल घालायचं आठवलं. बेकरीवाला भट्टीत डोकं घालून बसला तो बाहेरच येईना. ज्यांची पोरं जिन्यात चढत-उतरत होती ते बापसुद्धा कानांवर हात ठेवून मोकळे. शेवटी शिपायाने न्हाव्याला बखोटीला धरून आणलं. त्याचं गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून तसंच खुर्चीत बसून राहिलं. लाँड्रीवाली मात्र आपणहून पुढे झाली.

"मी येते," ती म्हणाली. "चला, कुठे सही करायची?"

"आधी बघायचं, ताई. मग सही," इन्स्पेक्टर म्हणाला.

हे तिला आवडलं. माणूस ओळखीचा होता, त्याचा गणवेश तिच्याच दुकानात धुवायला यायचा. पण काम करताना तिने त्याला पहिल्यांदाच पाहिलं, आणि पाहून ती गारच पडली. खोलीत शिरायच्या आधी तो दारात हात वर करून उभा राहिला. म्हणाला, "आधी आमची झडती घ्या. उद्या कुणी म्हणायला नको की पुडी आम्हीच खिशातून आणून ठेवली." आता खिसे तपासणं हे तिचं रोजचंच काम, खिशाचा मालक आत असताना तपासायची मात्र पहिलीच वेळ. तिने त्याचे आणि दोन्ही शिपायांचे खिसे उलटे करून पाहिले. मळका रुमाल, किल्ल्या, खोकल्याच्या गोळ्या. मग त्याने गोड्याला सांगितलं की तुझी झडती मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी असं तुला वाटत असेल तर तसं बोल, तो तुझा हक्क आहे. गोड्या म्हणाला, "साहेब, तुम्ही काय परके आहात का? घ्या की."

पुडी सापडली पडद्याच्या खालच्या दुमडीत. पडद्याची शिवण एका जागी उसवून पुन्हा जाड दोऱ्याने घातलेली होती. शिपायाने ती सोडवली तशी आगपेटीएवढी एक पुडी टपकन खाली पडली. गोड्याच्या तोंडावरचं गोड हसू तेव्हा जरासं आंबलं. इन्स्पेक्टरने सगळ्यांसमोर तिचं वजन केलं, ती कापडी पाकिटात घातली, पाकीट दोऱ्याने बांधलं, वर दोघा पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवली, मेणबत्तीवर लाल लाख वितळवून गाठीवर ओतली आणि पितळी शिक्का दाबला. मग तो शिक्का पुसून त्याने लाँड्रीवालीच्या हातात दिला आणि मिळाल्याची तिची सही घेतली.

"हा आता तुमच्या ताब्यात," तो म्हणाला. "पाकीट माझ्याकडे, शिक्का तुमच्याकडे. म्हणजे मध्येच कुणी पाकीट उघडलं तर पुन्हा तसंच बंद करता येणार नाही. कोर्ट मागेल तेव्हाच द्यायचा. मी मागितला तरी द्यायचा नाही."

"तुम्ही मागितला तरी?"

"मी मागितला तर मुळीच नाही," तो हसून म्हणाला.

त्या दिवशी ती जिना उतरली ती जग जिंकल्यासारखी. गोड्याला गाडीत बसवताना तिने दुकानाच्या पायरीवर उभं राहून बघितलं, आणि गाडी वळणाआड गेल्यावर न्हाव्याच्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने तोंड पुसायला टॉवेल दिला. शिक्का तिने गल्ल्याच्या कप्प्यात ठेवला आणि सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, हा पोलिसांचा शिक्का आहे. जपायचा हं."

एवढंच सांगितलं. तिथेच घोळ झाला.

सासरे म्हणजे देवमाणूस. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यात. दुकान सून आणि सासरा मिळून चालवायचे. म्हातारबुवांनी उभी हयात गल्ल्यावर काढली होती आणि त्यांचा एकच अभिमान: या दुकानात कुणाच्या खिशातलं बटणसुद्धा कधी गहाळ झालं नाही. खिशात जे सापडेल ते डब्यात ठेवायचं, आणि मालक आला की त्याने मागायच्या आत त्याच्या हातावर ठेवायचं. कपड्यांतून सोन्याची अंगठी निघाली तरी परत, आणि नको त्या बाईचं पत्र निघालं तरी परत, घडी न उलगडता. लोक त्यांच्या या गोष्टी एकमेकांना सांगायचे आणि म्हातारबुवा खोटंखोटं संकोचायचे.

त्याच आठवड्यात धाकट्याला केंद्रात ताप भरला. लाँड्रीवाली दोन दिवस तिकडे जाऊन राहिली. परत आली तो दुकानात कपड्यांचा ढीग. ती कंबर कसून बसली, एकेक खिसा चाचपत, आणि इन्स्पेक्टरने आदल्या दिवशी टाकलेल्या खाकी पँटच्या खिशात तिच्या बोटांना काहीतरी जड लागलं. बाहेर काढलं तर तो शिक्का.

तिला आधी वाटलं, दुसरा असेल. गल्ल्याचा कप्पा उघडून पाहिला. रिकामा. शिक्क्याच्या खाचांमध्ये ताजी लाल लाख भरलेली होती, आणि त्याच गणवेशाच्या शर्टाच्या बाहीवर लाखेचा एक थेंब वाळून बसला होता.

"बाबा! शिक्का कुणाला दिला होता?"

"ज्याचा होता त्याला," म्हातारबुवा पेपरमधून वर न बघता म्हणाले. "परवा साहेब कपडे न्यायला आले होते. म्हणाले, माझा शिक्का आहे ना तुमच्याकडे, द्या जरा. दिला."

"दिला? असा कसा दिला?"

"अगं, त्यांचीच वस्तू. त्यांनी मागितली. मी काय नाही म्हणू?"

आता या माणसाला काय म्हणायचं? तिने कपाळावर हात मारून घेतला. ओरडावं तर कुणावर? ज्या चांगुलपणावर दुकान उभं होतं त्याच चांगुलपणाने घात केला होता. तिने समजावून सांगितलं, शिक्का द्यायचा का नव्हता ते. म्हातारबुवांचा चेहरा हळूहळू पडत गेला. पेपर घडी करून बाजूला ठेवत ते म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही गं." आणि तेही खरंच होतं.

इन्स्पेक्टर संध्याकाळी आला. तिने शिक्का काउंटरवर आपटला.

"साहेब, हा तुमच्या पँटमध्ये काय करत होता?"

"हळू बोला, ताई."

"का हळू? मी कुणाची चोरी केलीय?"

तो काउंटर ओलांडून आत आला, इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. लाज नाही, शरम नाही. उलट केलेल्या कामाचं समाधान. त्या पुडीत माल म्हणावा असा चिमूटभरच होता, हे त्याने वजन करतानाच ओळखलं होतं. बाकी खडूची भुकटी आणि कुटलेल्या गोळ्या. गोड्या आपल्या गिऱ्हाइकांनाही टोपी घालत होता.

"खडू?" लाँड्रीवाली म्हणाली. "माझ्या भावाने खडूपायी हात जाळून घेतला?"

"तेच तर म्हणतोय. प्रयोगशाळेने तसं लिहून दिलं असतं तर हा महिन्याभरात परत तुमच्या समोरच्या खिडकीत. म्हणून पाकीट उघडलं. दुसऱ्या एका धाडीतला चोख माल माझ्याकडे होता, तो भरला. वजन तेवढंच, चिठ्ठी तीच, लाख तेवढी नवी. आता दहा वर्षं त्याचं तोंड दिसणार नाही तुम्हाला." त्याने शिक्का उचलून तिच्यापुढे धरला. "ठेवा परत. विचारलं तर पहिल्यापासून तुमच्याकडेच होता."

"आणि 'मी मागितला तर मुळीच नाही' असं कोण म्हणालं होतं?"

"ताई, मी स्वतःसाठी केलं का? कुणाकडून काही घेतलं का? तुमच्या धाकट्याकडे बघून केलं. मागे एकदा माझ्या हाती लागला होता तो, खिशात पुडी होती. सोडून दिला. तुमचा भाऊ म्हणून. आठवतंय ना?"

तिला आठवत होतं. आणि खरी चीड आणणारी गोष्ट ही की माणूस मनापासून बोलत होता. लाचखाऊ असता तर बरं झालं असतं. चार शिव्या हासडून ती मोकळी झाली असती. हा तिच्या भल्यासाठी खोटं करून आला होता आणि वर आभाराची वाट बघत उभा होता.

तिने शिक्का घेतला. का घेतला? कारण तिलाही तेच हवं होतं. उगाच कशाला लपवायचं! गोड्या सडून मरावा असं तिला रोज वाटत होतं, आणि कुणीतरी तो सडायची सोय करून दिली होती. तिने शिक्क्यातली लाख सुईने कोरून काढली आणि तो कप्प्यात टाकला. बाहीवरच्या थेंबावर कागद ठेवून इस्त्री फिरवली. पण इस्त्री इतकी जोरात दाबली की बाही पिवळी पडली. इतक्या वर्षांत तिच्या हातून करपलेला तो पहिला कपडा. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरने तो शर्ट मुकाट्याने नेला.

केस उभी राहीपर्यंत बरेच महिने गेले. गोड्या तुरुंगात, जामीन नाही. अहवालात माल चोख आला होता ना! जिना रिकामा झाला. गल्लीतल्या बायका तिला म्हणायच्या, ताई, तुझ्यामुळे सुटलो. ती हं म्हणायची आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर वसकन जायची. झोप उडाली. म्हातारबुवा गल्ल्यावर बसेनासे झाले. मागच्या खोलीत गुंड्या शिवत बसायचे. कुणी खिशातली वस्तू मागायला आलं की म्हणायचे, सूनबाईला विचारा.

एका भेटीच्या दिवशी तिने धाकट्याला सगळं सांगितलं. तो केंद्राच्या अंगणात कुदळीने वाफे करत होता. अंगावर मांस चढलं होतं, डोळे निवळले होते. जळक्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती, तरी कुदळ धरत होता.

"मग त्यात विचार कसला करतेस?" तो म्हणाला. "हो म्हणून टाक."

"अरे, पण ते खोटं आहे."

"असू दे खोटं! त्याने काय खरेपणाने धंदा केला? ताई, तू त्याला खिडकीतून बघितलंस. मी जिन्यात बघितलंय. तो नुसता 'काय रे, बरा आहेस ना' म्हणाला तरी माझे पाय वळतात. मला इथून घरी यायचंय. तो गल्लीत असला तर मी वाचत नाही. खरंच सांगतो, नाही वाचत."

तो बोलताना रडत नव्हता; जेवायला काय आहे विचारावं तसं सरळ बोलला. तिने त्याच्या जळक्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "हो म्हणेन. झालं?" परतीच्या बसमध्ये तिला कित्येक महिन्यांनी झोप लागली.

कोर्टाच्या दिवशी ती ठरवूनच गेली होती. म्हातारबुवाही आले, नको म्हटलं तरी आले. साक्षीदारांच्या बाकावर ती बसून होती तेवढ्यात इन्स्पेक्टर आतून आपली साक्ष देऊन बाहेर आला. रुमालाने मान पुसली, शिपायाला चहा आणायला सांगितलं. तोंडावर काही नाही. खोटं बोलून आलेला माणूस जरा तरी अवघडतो. हा पत्र टाकून आल्यासारखा.

"सगळं सुरळीत," तो तिच्याशेजारी बसत म्हणाला. "आता तुमचं. दोन मिनिटांचं काम आहे." मग अगदी घरच्यासारखं विचारलं, "धाकटा कधी येतोय?"

"पुढच्या महिन्यात."

"सांभाळा त्याला. गेल्या वेळी मी सोडला. पुन्हा खिशात काही घेऊन माझ्या हाती लागला तर नाही सोडणार हं, ताई. आधीच सांगून ठेवतो."

त्याने ते काळजीनेच म्हटलं. धमकी वगैरे काही नव्हती. पण लाँड्रीवाली त्याच्यापासून हातभर सरकून बसली. कारण धाकट्याच्या खिशात पुन्हा काही सापडणारच नाही असं ती छातीठोकपणे सांगू शकत नव्हती. तो स्वतःच सांगू शकत नव्हता. तो सापडेल. चिमूटभर खडूसकट सापडेल. आणि मग या माणसाला वाटलं की हा पोरगा आत गेलेलाच बरा, तर? पाकीट याच्याकडे. शिक्का कुणाकडे? असेल एखादी बाई, जिचं पोरगं धाकट्याच्या संगतीने बिघडलंय, जिला धाकट्याचं तोंड बघवत नाही. ती सुईने लाख कोरून काढेल आणि बाकावर येऊन बसेल. जशी आपण बसलोय.

तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला.

आत सरकारी वकीलबाईंनी एकेक प्रश्न विचारला. झडतीला हजर होता? होते. पोलिसांचे खिसे तपासले? तपासले. पुडी कुठे मिळाली? पडद्याच्या दुमडीत. पाकिटावरची सही तुमची? माझीच. पिंजऱ्यात गोड्या उभा होता, अंग धरलेला, दाढी केलेला, आणि तिच्याकडे बघून भाच्याने मामीकडे बघावं तसं हसत होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. म्हण हो, ती मनात म्हणाली. म्हण आणि गाड याला.

"शिक्का त्या दिवसापासून आजपर्यंत सतत तुमच्याच ताब्यात होता?"

वकीलबाई उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न शोधायला लागल्या होत्या.

"नाही," लाँड्रीवाली म्हणाली.

वकीलबाईंनी मान वर केली. न्यायाधीशांनी चष्मा सारखा केला.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. इन्स्पेक्टरसाहेब मधल्या दिवसांत घेऊन गेले होते. माझ्या सासऱ्यांनी दिला, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांचा दोष नाही. मला तो साहेबांच्या पँटच्या खिशात सापडला, वर ताजी लाख. आणि साहेबांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं की पाकिटातला माल बदललाय. हे मला आधीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण मलाही हा माणूस आत जायला हवा होता."

मागे म्हातारबुवा उठून उभे राहिले होते. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गोड्याच्या वकिलाला तर आनंद लपवता येईना. तो उठला आणि मान झुकवून म्हणाला, "बाई, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल माझे अशील आणि मी..."

"तुमचे अशील गेले खड्ड्यात!" लाँड्रीवाली कडाडली. "पुडी त्याच्याच पडद्यात होती. माझ्या डोळ्यांदेखत पडली. तेही लिहून घ्या! चिमूटभर का असेना, विष होतं ते, आणि पोरांना विकत होता हा!"

"जेवढं विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले. पण लिहून घेतलं.

निकाल काही दिवसांनी लागला. खोलीत सापडलेली पुडी आणि प्रयोगशाळेत पोचलेली पुडी एकच, असं मानायला जागा नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. पहिली पुडी आता कुठेच नव्हती. आरोपीला सोडण्यात यावं. इन्स्पेक्टरची चौकशी व्हावी.

बाहेर व्हरांड्यात इन्स्पेक्टर तिची वाट अडवून उभा राहिला. डोळे लाल.

"झालं समाधान? सोडवलंत त्याला!"

"मी सोडवलं?" तिचा आवाज अख्ख्या व्हरांड्यात घुमला. "मी? चिमूट होती ना त्यात? तेवढी पुरली असती हो! थोडे दिवस का होईना, खरा गेला असता आत. तेवढी चिमूट सांभाळली नाही तुम्ही! सगळं कसं नीट केलं होतंत, खिसे तपासायला लावलेत, हक्क सांगितलात, लाख लावलीत. मी घरी जाऊन तुमचं कौतुक केलं होतं. आणि मग स्वतःच्या हाताने सगळ्यात माती कालवलीत. त्याला सोडवलं ते तुम्ही. माझ्या नावावर घालू नका!"

तेवढ्यात मागून गोड्या आला, दोन्ही हात जोडून.

"ताई, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत."

तिने पायातली चप्पल काढली. दोघा शिपायांनी तिला धरलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी तिच्यावरच केस झाली असती.

गोड्या त्याच खोलीत परत आला. नवा पडदा लावला. गल्लीतल्या बायका आता लाँड्रीत कपडे टाकताना तिच्याशी बोलत नसत. टाकायच्या आणि जायच्या. बेकरीवाला, जो भट्टीत डोकं घालून बसला होता, तो सगळ्यांना सांगत सुटला की हिला पैसे चारले असणार. तिने एकदा त्याच्या दुकानात जाऊन त्याला विचारलं, तुला कोणी अडवलं होतं पंच व्हायला? तो पाव मोजत राहिला.

धाकट्याला आणायचा दिवस आला. तिने त्याच्यासाठी नवा शर्ट घेतला होता, रात्री स्वतः इस्त्री करून ठेवला होता. निकाल त्याला फोनवर कळला होता; त्यावर तो एक अक्षर बोलला नव्हता. वाटभर ती भांडणाची तयारी करत गेली. तो ओरडेल, मी ओरडेन, मग निघू. दुसरीकडे खोली बघू, दुसऱ्या भागात दुकान टाकू. सगळं मनात मांडून झालं होतं.

तो अंगणातच होता. त्याने शर्टाची पिशवी घेतली नाही.

"मी नाही येत, ताई."

"का? सुटी दिलीय ना त्यांनी?"

"दिलीय. मी त्यांना विचारलं, इथे स्वयंपाकघरात माणूस हवाय का. हो म्हणाले. राहीन इथेच."

"किती दिवस?"

त्याने खांदे उडवले. "कुणीतरी आत राहायलाच हवं ना. तो नाही, तर मी."

ती भांडायला आली होती, पण हे भांडण तिने मनात मांडलंच नव्हतं. शब्द फुटला तो रागानेच: "मेल्या, तुझ्यासाठीच बोलले रे मी तिथे! उद्या तुला धरला, तुझ्या पुडीत कुणी भर घातली, तर कोण सांगणार होतं?"

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "मला कळलं. खूप विचार केल्यावर कळलं. पण तू मला हो म्हणाली होतीस."

एवढं बोलून तो आत गेला. फाटकाची कडी त्याने आपल्याच हाताने आतून लावली, जळक्या हाताने, दोनदा प्रयत्न करून. ती फाटकाचे गज धरून त्याला हाका मारत राहिली, शिव्या देत राहिली, इन्स्पेक्टरला, गोड्याला, सासऱ्यांना, स्वतःला. आतल्या स्वयंपाकघरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. संध्याकाळची बस आली तेव्हा तिने पिशवी फाटकाला अडकवली आणि ती बसमध्ये चढली.